गुलबाबा बुढा

धरणगावला गेले होते ते एका लग्नाला. लग्न साडेबाराचं, म्हणजे दोनच्या आत लागणार नाही हे ठरलेलं. तेवढ्यात आपली जुनी गल्ली पाहून येऊ म्हणून मांडवातून सटकले. गल्लीत ओळखीचं फारसं काही उरलं नव्हतं. आमच्या भाड्याच्या घराच्या जागी तीन मजली इमारत, समोर मोबाइलचं दुकान, आणि पिंजाऱ्याच्या दुकानात कापसाऐवजी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या फोमच्या गाद्या. मी पुढे निघणार होते, तेवढ्यात आतल्या भिंतीवर, कॅलेंडर आणि विजेच्या मीटरच्या मधे, ते चित्र दिसलं आणि पाय तिथेच थांबले.

गल्ल्यामागच्या पांढऱ्या दाढीच्या माणसानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बेबी शे का तू? मास्तरनी बेबी?"

पंचावन्न वर्षांच्या बाईला कोणी बेबी म्हटलं की आधी हसू येतं आणि मग बसायला काहीतरी लागतं. मास्तरांची बेबी म्हणजे मी, आणि हा पिंजाऱ्याचा रशीद. त्यानं एक स्टूल पुढे सरकवलं, पोराला चहा सांगितला, आणि मी चित्राकडे बघत बसले.

चित्र काळ्या रेघांचं आहे. तांब्याच्या नाहीतर पोलादाच्या पत्र्यावर सुईसारख्या हत्यारानं रेघा कोरायच्या, त्यात शाई भरायची आणि कागदावर दाबायची, असं हे काम असतं, हे मला माझ्या वडिलांनी, नानांनी सांगितलेलं. एक टेकडी. टेकडीवर आठ कोनांची बुटकी इमारत, वर डब्याच्या झाकणासारखा घुमट. आजूबाजूला द्राक्षांचे वेल, दोन झाडं, पागोटं घातलेला एक माणूस काठीवर हात ठेवून उभा. खाली दूरवर नदी आणि तिच्यात चिमुकल्या होड्या. कागद आता चहाच्या रंगाचा झालाय. चित्राखाली इंग्रजीत दोन ओळी आहेत, आणि पुढची सगळी कथा त्या दोन ओळींनीच केली.

तेव्हा दिवाळीच्या आधी महिनाभर आमची गल्ली पांढरी होत असे. जिनात, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत, नवा कापूस आलेला असे, सरकीचा गोडसर तेलकट वास सगळ्या गावावर पसरलेला असे, आणि पिंजाऱ्याच्या दुकानातून सकाळपासून तातीचा आवाज येई. धुंई-धुंई-टक, धुंई-धुंई-टक. रशीद तेव्हा विशीतला. छपराला टांगलेलं ते मोठं धनुष्य, त्याची ताणलेली तात आणि हातातला लाकडी ठोका. ठोका बसला की तात थरथरे, कापसाचा दबलेला गोळा उसळे आणि ढग होऊन खाली बसे. पिंज उडून सगळ्यांच्या घरात शिरे. रशीदच्या भुवया पांढऱ्या, आमची तुळस पांढरी, वाळवणाचे पापड पांढरे. आई म्हणायची, "भाजीत मीठ कमी असलं तर चालेल बाई, पण कापूस नको." तरी तातीचा आवाज एक दिवस बंद राहिला तर तीच विचारी, "बरं आहे ना रे त्यांच्याकडे?"

रशीदची आई म्हणजे अम्मा. अख्ख्या गल्लीची अम्मा. बारीक, काटक, हिरवं लुगडं, आणि दातांना कायम मिसरी. रशीद पिंजायचा आणि अम्मा रजया शिवायची. उंबऱ्यात बसून, एक पाय लांब करून, न बघता टाके घालायची आणि बघायची मात्र रस्त्याकडे. कोण कुठे गेलं, कोणाच्या घरी पाहुणे आले, हे तिच्याइतकं पोस्टमनलाही ठाऊक नसे.

आमचे नाना शाळेत भूगोल शिकवायचे. जगातल्या नद्या त्यांना उगमापासून मुखापर्यंत पाठ. स्वतः मात्र धुळे आणि जळगाव सोडून फारसे कुठे गेले नव्हते. नाना दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होते. एक, ते खोटं बोलत नसत. दुसरी, त्यांना चूक दिसली की ती सुधारल्याशिवाय राहवत नसे. लग्नपत्रिका आली तरी आधी लाल पेनानं ऱ्हस्वदीर्घ नीट करत, मग तारीख बघत.

मी आठवीत असताना शाळेच्या कपाटाला वाळवी लागली. खाल्लेली पुस्तकं जाळायचं ठरलं. त्यातल्या एका जाडजूड इंग्रजी पुस्तकाचं पुठ्ठ्यासकट पुढचं मागचं सगळं गेलं होतं, मधली चार पानं तेवढी शाबूत होती. नानांचा जीव होईना. त्यांनी त्यातलं हे चित्र कापून घरी आणलं. कुण्या साहेबानं हिंदुस्थानात फिरून काढलेली चित्रं असावीत, असं त्यांचं अनुमान. त्याच आठवड्यात ईद झाली आणि अम्माकडून शीरखुर्म्याचा डबा आला. डबा रिकामा परत करायचा नाही, ही आमच्याकडची रीत. घरात त्या दिवशी नेमकं द्यायला काही नव्हतं. नानांनी चित्राला काच लावून आणली आणि डब्यावर ठेवून पाठवायच्या ऐवजी स्वतः घेऊन गेले. मीही गेले मागोमाग.

अम्मानं चित्र दोन्ही हातांत धरलं. घुमट पाहून आधी कपाळाला लावलं. मग म्हणाली, "मास्तर, खाले काय लिखेल शे?"

नानांनी चष्मा पुसला. "गुल बाबा," त्यांनी वाचलं. मग दुसरी ओळ. "बुढा." जरा थांबून म्हणाले, "डीच्या पुढे एच राहिलाय. आणि वरच्या ओळीत, गुलच्या यूवर, दोन टिंबं पडलीत. छापणाऱ्याचा निष्काळजीपणा."

गुलबाबा बुढा. आमच्याकडे म्हाताऱ्याला बुढा म्हणतात, त्यामुळे कोणाला काही वावगं वाटलं नाही. "गुल म्हंजे फूल," अम्मा म्हणाली. "फुलबाबा." तिनं ते भिंतीवर लावलं आणि रोज सकाळी झाडलोट झाली की समोर उदबत्ती लावू लागली. आम्हा पोरांना गुल म्हणजे फक्त बत्ती गुल. दिवे गेले की गल्लीभर ओरडा होई, "गुलबाबा आले, गुलबाबा आले." अम्मा चप्पल दाखवायची, पण हसायचीही.

त्या श्रावणात रशीदला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस तात बंद. आमच्या घरात, समोरच्या घरात, सगळीकडे माणसं हळू बोलायची. अम्मानं शिवण बाजूला ठेवलं होतं. ती चित्रासमोर बसून राही. एक दिवस मी पेज घेऊन गेले तेव्हा ती चित्राशी बोलत होती, शेजाऱ्याशी बोलावं तशी. "पोऱ्या उठीसन बसना, तं मी तुना दारे ईसन चादर टाकसू."

पोऱ्या उठून बसला. केस गळाले, गाल आत गेले, पण उठला आणि पहिल्यांदा मागितलं काय, तर उडीद-ज्वारीच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. आईनं भाकऱ्या थापल्या. अम्मानं त्याच आठवड्यात हिरवी चादर शिवायला घेतली, कडेला चंदेरी जर लावली. आणि मग अडलं. चादर घालायची कुठे?

नवस बोलताना माणूस पत्ता विचारत नाही. फेडताना तो लागतो. अम्मा येणाऱ्या-जाणाऱ्याला चित्र दाखवू लागली. बांगड्यावाल्याला, जिनात कापूस टाकायला आलेल्या गाडीवानांना, फकिरांना. कोणी म्हणे बऱ्हाणपूरकडे असेल, कोणी म्हणे गुजरातेत. गावातले लोक समजुतीनं सांगत, अम्मा, आपल्या इथल्या दर्ग्यावर घाल, पोचेल. अम्मा मान हलवायची. "ज्याना नावनं बोलेल शे, त्यालेच देनं पडी." तिला वयाची धास्ती होती. नवस अंगावर घेऊन मरायचं नव्हतं तिला. हे ती मला एकदा सरळ म्हणाली आणि मला रात्रभर वाईट वाटत राहिलं.

एका ट्रकवाल्यानं सांगितलं की, असा घुमट त्यानं सोनगीरच्या डोंगरावर पाहिलाय. झालं. माघ महिन्यात आम्ही निघालो. अम्मा, रशीद, नाना आणि मी. चादर एका स्वच्छ फडक्यात, फडकं अम्माच्या मांडीवर. अमळनेरला एक बस, धुळ्याला दुसरी. माझ्या आयुष्यातल्या सुंदर दिवसांपैकी तो एक आहे. हरभरा भरात होता, खिडकीतून थंड वारा, नाना प्रत्येक नाल्याचं नाव सांगत होते आणि अम्मा त्यांना प्रत्येक गावात कोणाची लेक दिली आहे ते सांगत होती. सोनगीरला उतरून किल्ला चढलो. वर पडकी तटबंदी, एक खोल विहीर, वाळलेलं गवत आणि शेळ्या. शेळ्या राखणाऱ्या बाईला अम्मानं विचारलं, आठे गुलबाबा कोठे शे?

"आठे कोनी बाबा नही," बाई म्हणाली. "शेळ्या शेतस."

अम्मानं चारी बाजूंना पाहिलं. मग म्हणाली, "नदी बी नही आठे." चित्रातली नदी आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात राहिली नव्हती. मग आम्ही तटाच्या सावलीत भाकरी-ठेचा खाल्ला, अम्मानं खाली बाजारातून एक पितळी गडू घेतला आणि चादर परत धरणगावला आणली. कोणी रडलं नाही. पण उतरताना तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता आणि तो हात जड लागत होता.

दहावीत आम्हाला युरोप होता. शिकवायला नाना. वर्गात मी त्यांना सर म्हणायचे आणि ते मला ओळख दाखवत नसत. त्या दिवशी फळ्यावर नद्या चालल्या होत्या. ऱ्हाईन झाली, डॅन्यूब आली. नाना वर्षानुवर्षांच्या सवयीनं फळ्याकडे तोंड करून सांगत होते, "डॅन्यूबच्या एका काठावर पेस्ट आणि दुसऱ्या काठावर, टेकड्यांवर..." आणि खडू थांबला. "बुडा," असं ते अगदी हळू म्हणाले. पुढच्या बाकावरच्या मुलीनं वहीत लिहून घेतलं. नाना वळले. अख्ख्या वर्गातून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं, आणि त्यांना कळलं की मला कळलं.

घरी आई म्हणाली, "म्हातारीला कशाला सांगता? उगाच जिवाला घोर." नाना जेवले नाहीत. संध्याकाळी त्यांनी शाळेतून भिंतीवरचा मोठा नकाशा गुंडाळून आणला आणि मला म्हणाले, चल.

"अम्मा, माझं चुकलं," नाना उंबऱ्यातच म्हणाले. "ते बुढा नाही. बुडा आहे. गावाचं नाव. छापणाऱ्यानं बरोबर छापलं होतं."

रशीदनं ठोका खाली ठेवला. नानांनी पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर नकाशा पसरला. त्यावर धरणगाव नव्हतंच. त्यांनी अंदाजानं एक सरकी ठेवली. दुसरी सरकी ठेवली डॅन्यूबवर. अम्मा वाकून बघत राहिली. मग तिनं अंगठा एका सरकीवर ठेवला, करंगळी दुसरीकडे ताणली. "वीतभर तं शे," ती म्हणाली.

नानांनी वीतभर म्हणजे काय ते सांगितलं. वाळवंट, डोंगर, समुद्र, परके देश, तिथं चारशे वर्षांपूर्वी तुर्कांचं राज्य होतं ते, आणि त्यांच्याबरोबर गेलेला हा फकीर तिथंच राहिला असावा ते. आपल्याला तिथं जाता येणार नाही, हेही सांगितलं. अम्मानं सगळं ऐकलं आणि विचारलं, "तठे थंडी शे का?"

"फार. डिसेंबरपासून बर्फ पडतो."

मला वाटलं, आता रडेल. तिनं फडक्यातली चादर काढली, चिमटीत धरून तिची जाडी पाहिली आणि वैतागून म्हणाली, "बर्फमा चादर काय कामनी? रजई लागी, मास्तर." मग नानांकडे बघून मिसरीचे दात दाखवत हसली. "आतेलगून माले वाटे, मीच अडानी शे."

नाना हसले तेव्हा मला सुटल्यासारखं झालं.

जुना कापूस अम्माला चालणार नव्हता, म्हणून पुढच्या दिवाळीची वाट पाहिली. मी तोवर अकरावीला धुळ्याला गेले होते, वसतिगृहात राहत होते. सुट्टीला आले तर तात वाजत होती आणि रशीद तोच कापूस तिसऱ्यांदा पिंजत होता. पार्सल हलकं हवं आणि रजई उबदार हवी, असा हुकूम होता. हिरवी चादर वर, आत नवा कापूस, खाली खारकी रंगाचं कापड. मीही टाके घातले. अम्मानं त्यातले निम्मे उसवले. म्हणाली, असे टाके बाबाला टोचतील.

मांजरपाटात शिवून, लाखेचे ठिपके देऊन आम्ही पार्सल टपाल कचेरीत नेलं. नानांनी पत्ता मोठ्या अक्षरांत लिहिला होता: गुल बाबा यांची कबर, बुडा, बुडापेस्ट, हंगेरी. खाली, कृपया कबरीवर पांघरावी. कारकुनानं फॉर्म पुढे ओढला.

"घेणाऱ्याचं नाव?"

"गुल बाबा."

"आडनाव?"

नानांनी विचार केला. "बाबा," ते म्हणाले.

"आत काय आहे?"

"रजई."

"विक्रीसाठी?"

"नाही," अम्मा मागून म्हणाली, "पांघराले."

मी धुळ्याला परत गेले. त्या हिवाळ्यात वसतिगृहात गार पाण्यानं अंघोळ करताना मला नेहमी ती रजई आठवायची; आता बोटीत असेल, आता उतरवली असेल. होळीनंतर परीक्षेच्या धांदलीत नानांचं कार्ड आलं. नाना कार्डावर कधी तीन ओळींवर गेले नाहीत. आम्ही खुशाल. अम्माचा नवस फिटला. अभ्यास करणे.

मी ते कार्ड वाचून एकटीच नाचले होते. म्हणजे पोचली. सुट्टीत घरी गेले तेव्हाही सगळ्यांनी तेच सांगितलं, आणि मी पुढे काही विचारलंच नाही. पुढे नोकरीत, सासरी, बायकांच्या गप्पांत मी ही गोष्ट किती ठिकाणी सांगितली असेल. धरणगावच्या पिंजारणीनं शिवलेली रजई परदेशातल्या कबरीवर आहे म्हणून. अम्मा दोन वर्षांनी गेली, शांतपणे, दुपारी, उंबऱ्यातच. नानाही नंतर पुष्कळ वर्षांनी गेले. कार्ड अजून माझ्याजवळ आहे.

चहा आला. रशीदनं बशीत ओतून फुंकर मारली आणि विचारलं, "रजई देखशी का?"

"कोणती रजई?"

तो उठला, लोखंडी कपाट उघडलं आणि वरच्या खणातून एक बोचकं काढलं. मांजरपाट. त्यावर नानांची मोठी अक्षरं, आणि त्या अक्षरांवर जांभळे, तांबडे, कुठल्या कुठल्या देशांचे शिक्के, एकावर एक. आत हिरवी रजई. चंदेरी जर काळी पडलेली.

"परत आली होती?" मी विचारलं. चाळीस वर्षं सांगत आलेली गोष्ट माझ्या मांडीवर पडली होती.

"तुले ठावं नही?" रशीदला खरंच नवल वाटलं. मग त्यानं सांगितलं.

होळी होऊन आठवडा झाला होता. भर दुपारी नाना टपालातून थेट आले, सायकलच्या कॅरिअरला पार्सल बांधलेलं. तोंड उतरलेलं. घरी जाऊन पाणीसुद्धा प्यायले नव्हते. त्यांनी पार्सल अम्मासमोर ठेवलं आणि म्हणाले, "अम्मा, परत आली. पत्ता अपुरा पडला असेल. मी दुसरा पत्ता शोधतो."

अम्माचं लक्षच नव्हतं. तिनं टाके कापले, रजई मांडीवर पसरली, वास घेतला. मग जन्मभर करत आली तसं तिनं बोटांनी कापूस चाचपायला सुरुवात केली. मधे, कडेला, पायाकडच्या बाजूला. पिंजून पाठवलेला ढगासारखा कापूस दबून पार चपटा झाला होता.

"दबाई गया," अम्मा म्हणाली. "पांघरेल शे. हाई देख, मझारमा जास्ती दबेल शे."

रशीदला ठाऊक होतं की चार महिने पोत्यांखाली पडलं की कुठलाही कापूस दबतो. त्यानं नानांकडे पाहिलं. लग्नपत्रिका सुधारणारा माणूस आता काय बोलणार, म्हणून तो श्वास धरून उभा राहिला. रशीद हे सांगत होता आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसावंसं वाटत नव्हतं.

अम्मा म्हणाली, "थंडी सरनी, म्हनीसन परत धाडी. भला मानूस शे, मास्तर."

नाना रजईकडे बघत होते. मग अम्माच्या तोंडाकडे बघितलं.

"हो अम्मा," ते म्हणाले. "तिथला बर्फ मार्चमध्ये वितळतो."

"मंग," अम्मा म्हणाली. "फिटना नवस." आणि रजई रशीदच्या अंगावर टाकून तिनं त्याला ती उन्हात वाळत घालायला सांगितली.